पांढऱ्या टेपवाले बिल गोर

गुरुजींनी आमच्या चौथीच्या वर्गाला सांगितले, की प्रत्येकाने एका मोठ्या माणसाची माहिती भित्तिपत्रकासाठी लिहून आणायची. बाकीच्यांनी शिवाजी महाराज, सावित्रीबाई, टिळक आणि आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस घेतले. माझ्यापर्यंत येईतो सगळे संपले. म्हणून मी टेपवाल्यांचे चरित्र लिहायचे ठरवले.

टेप म्हणजे गाण्याची नव्हे. आमच्या डाळिंबाच्या बागेत ठिबकचा पाइप जोडताना आण्णा आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतात, ती. तिला डिंक नसतो, हाताला गुळगुळीत लागते, तरी तिने पाणी गळायचे थांबते. ही कुणी शोधून काढली असे मी आण्णांना विचारले. दुकानात मिळते, एवढेच ते म्हणाले. मग गुरुजींना विचारले. गुरुजींनी दोन दिवस घेतले, पण सगळे सांगितले.

ही टेप ज्या पदार्थाची असते त्याला टेफ्लॉन म्हणतात. तो चुकून सापडला. अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. ६ एप्रिल १९३८ रोजी त्यांनी गॅसच्या टाकीची तोटी उघडली तर गॅस येईना. दुसऱ्या कुणी टाकी रिकामी म्हणून फेकून दिली असती. यांनी वजन केले तर टाकी भरलेल्याएवढी जड. मग टाकी करवतीने कापली. आत पांढरी पूड निघाली. गॅसचे कण आपोआप एकमेकांना जोडून त्यांच्या लांब लांब साखळ्या झाल्या होत्या. त्या पुडीला काही चिकटत नाही, आणि तिच्यावर तेजाब ओतले तरी तिला काही होत नाही. ही गोष्ट आमच्या वर्गात सगळ्यांना लई आवडली. पण मी ज्यांचे चरित्र लिहितो आहे ते हे नव्हेत.

त्यांचे नाव विल्बर्ट गोर. सगळे त्यांना बिल म्हणत. त्यांचा जन्म १ जानेवारी १९१२ रोजी अमेरिकेच्या आयडाहो राज्यात मेरिडियन या गावी झाला. आमच्या गावात पुष्कळ म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना तीच लिहिली जायची. तसाच प्रकार असेल असे मला आधी वाटले. पण यांची तारीख खरी आहे. आणि गंमत बघा, त्यांचे लग्नही १९३५ साली १ जानेवारीलाच झाले. त्यांच्या पत्नीचे नाव जेनेव्हीव, लाडाने व्हीव. दोघांनाही पाठीवर पिशवी घेऊन डोंगरात फिरायची आवड होती. बिल रसायनाचे इंजिनिअर झाले आणि ज्या ड्यूपाँट कंपनीत टेफ्लॉन सापडले, तिथेच त्यांना नोकरी लागली.

त्यांना पाच मुले होती. रात्री ते घराच्या तळघरात प्रयोग करत. विजेच्या तांब्याच्या तारेवर टेफ्लॉनचे आवरण चढवायचे हा त्यांचा ध्यास होता, पण ते नीट बसत नव्हते. १९५७ साली त्यांचा मुलगा बॉब कॉलेजात शिकत होता. त्याने तळघरात पडलेली टेफ्लॉनची टेप बघितली आणि विचारले, की तारा दोन टेपांच्या मध्ये ठेवून दाबल्या तर. वडिलांनी सांगितले, की टेफ्लॉन टेफ्लॉनला चिकटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बॉब झोपायला गेला.

इथेच मला बिल गोर आवडले. मुलाला नाही म्हणाले, पण स्वतः झोपले नाहीत. रात्रभर बसून त्यांनी मुलाने सांगितले तसे करून बघितले. पहाटे जाऊन बॉबला उठवले आणि तयार झालेली तार त्याच्यापुढे नाचवली. जमले होते.

कंपनीला ती तार स्वतः बनवायची नव्हती. मग बिल यांनी पंचेचाळिशीत नोकरी सोडली. घर गहाण ठेवले. पाच लेकरांचा बाप नोकरी सोडतो म्हटल्यावर लोक काय म्हणाले असतील! आमच्या गल्लीत तर पंचायतच बसली असती. १ जानेवारी १९५८ रोजी, लग्नाच्या वाढदिवशी, दोघा नवराबायकोंनी त्याच तळघरात आपला कारखाना सुरू केला. व्हीवबाई तिथे टेफ्लॉनची पूड चाळायच्या. पुढे त्यांच्या कारखान्यात साहेब असे कुणाला म्हणायचे नाही, सगळे सहकारी, असा नियम झाला. एका ठिकाणी दोनशेच्या आसपास माणसे झाली की ते दुसरीकडे नवा कारखाना काढत, म्हणजे सगळ्यांची ओळख राहील.

आता मुख्य गोष्ट १९६९ ची. तोवर बॉबही वडिलांच्या कारखान्यात कामाला लागला होता. नळाच्या आट्यांवरची टेप स्वस्त पडावी म्हणून टेफ्लॉन ताणून लांब करायचे होते. म्हणजे माझ्या आण्णांचीच टेप! तो टेफ्लॉनच्या कांड्या भट्टीत तापवायचा आणि हळूहळू ओढायचा. दरवेळी कांडी तुटायची. शेवटी तो वैतागला आणि एका गरम कांडीला त्याने जोरात हिसका दिला. फूटभराची कांडी त्याचे दोन्ही हात पसरले तेवढी लांब झाली, आणि जाडी जवळजवळ होती तेवढीच. मग वाढलेली जागा कशाने भरली? हवेने. टेफ्लॉनमध्ये डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोके पडली होती. ते भोक पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पट लहान असते, आणि पाण्याच्या वाफेच्या कणापेक्षा सुमारे ७०० पट मोठे असते.

हे मला आधी समजले नाही. मग आईच्या चाळणीवरून समजले. चाळणीतून पीठ खाली पडते, कोंडा वर राहतो. तसे या कापडातून वाफ जाते आणि थेंब राहतो. शिवाय टेफ्लॉनवर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावर राहते तसे गोळी होऊन राहते. म्हणून पाऊस आत येत नाही, पण अंगाची घामाची वाफ बाहेर जाते. आमच्या आज्जाचे घोंगडे आहे. त्यावरून पाऊस आधी घरंगळतो, मग घोंगडे भिजून दगडासारखे जड होते. मी खताच्या प्लॅस्टिक पोत्याची खोळ घेऊन शेळ्यांमागे गेलो, तर बाहेरून कोरडा आणि आतून घामाने चिंब. हे नवे कापड दोन्हींपेक्षा चांगले. त्याचे नाव गोर-टेक्स.

१९७० साली व्हीवबाईंनी या कापडाचा तंबू स्वतः शिवला. दोघे तो घेऊन वायोमिंग राज्यातल्या विंड रिव्हर डोंगरात गेले. पहिल्याच रात्री गारपीट झाली. गारांनी तंबूचे छत फाडले आणि पाणी आत आले, पण खालचे कापड इतके पक्के की पाणी बाहेर जाईना, तंबूची न्हाणी झाली. दुसरा माणूस रडला असता. बिल खूश झाले. पाणी थांबते हे कळले, आता फक्त कापड मजबूत करायचे राहिले. १९७६ पासून गोर-टेक्स विकायला लागले. सुरुवातीचे कोट काही दिवसांनी गळू लागले, कारण घामातले तेल त्या भोकांत जायचे. त्यांनी कोट परत घेतले आणि सुधारून नवे केले.

याच भोकांचे आणखी उपयोग झाले. एकदा बर्फावर घसरायला गेले असताना बिल यांनी खिशातून या पदार्थाची एक बारीक नळी काढून एका सर्जन मित्राला दाखवली. पुढे अशा नळ्या माणसाच्या शरीरात रक्तवाहिनी म्हणून बसवू लागले. आग विझवणाऱ्या जवानांच्या कपड्यांतही याचा थर घालतात. कारखान्याच्या धुराड्याआधी याच्या लांब पिशव्या टांगतात, त्यात धूळ अडते आणि हवा पुढे जाते. माझा आज्जा सोलापूरला एका गिरणीत कामाला होता. तिथे कापसाचे तूस उडायचे आणि नाकाला बांधायला फक्त रुमाल असायचा. आज्जा अजून रात्री खोकतो. मी त्याला या पिशव्यांचे सांगितले तर तो म्हणाला, की पन्नास वर्षे उशीर झाला.

एक वाईट गोष्ट पण लिहिली पाहिजे असे गुरुजी म्हणाले. टेफ्लॉन बनवताना काही कारखान्यांत एक रसायन वापरत, ते पाण्यात आणि माणसांच्या रक्तात जाऊन बसले. ते लवकर नाहीसे होत नाही. २०१९ साली देशादेशांच्या करारात त्याला बंदी घालायचे ठरले.

ते बघायला बिल गोर नव्हते. जुलै १९८६ मध्ये त्याच विंड रिव्हर डोंगरात फिरताना त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. व्हीवबाई २००५ साली आणि बॉब २०२० साली वारले.

आता माझे. मागच्या वर्षी आण्णा डाळिंबावर औषध फवारून आले आणि त्यांना घेरी आली. तोंडाला टॉवेल बांधला होता. टॉवेलची भोके आपल्या डोळ्यांनाही दिसतात, मग औषधाचे बारीक तुषार त्यातून का जाणार नाहीत? मी म्हणलं, तुम्ही फवारणीचा मास्क, चष्मा आणि हातमोजे आणा. ते नाही म्हणाले. बॉबचे वडीलपण आधी नाहीच म्हणाले होते. शनिवारी आण्णा पालकसभेला येणार आहेत, म्हणून हा भाग मी लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

खाली कोपऱ्यात त्या पांढऱ्या टेपचा तुकडा लावला आहे. तो डिंकाने चिकटला नाही, खळीनेही नाही. शेवटी टाचणी टोचली. हात लावून बघा, पण टाचणी काढू नका.