शटरवरचा हात

चरख्याजवळ बसून वाचत असलेल्या गांधीजींचा तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. पुस्तकात, नाहीतर २ ऑक्टोबरला कुणाच्या तरी स्टेटसवर. तो १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइटनं काढला. आधी सूत कातायला शिका, मग फोटो काढा, अशी अट तिला घातली गेली. फ्लॅशचे बल्ब वापरायला मिळाले तीनच. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्यावर जमलं. मास कॉमच्या वर्गात हा किस्सा आम्ही मस्त एन्जॉय केला होता. पुढचं मात्र कुणी सांगितलं नाही, ते मी नंतर वाचलं.

मार्गारेटचा जन्म १९०४ चा, न्यूयॉर्कचा. १९३६ मध्ये ‘लाइफ’च्या पहिल्याच अंकाचं कव्हर तिचं होतं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानातून ती मोहिमेवर गेली, बुखेनवाल्डची छळछावणी तिनं कॅमेऱ्यात पकडली, फाळणीत रस्त्यानं चालणारे निर्वासितांचे तांडे टिपले. ३० जानेवारी १९४८ ला, हत्येच्या काही तास आधी, ती गांधीजींची मुलाखत घेत होती.

आणि मग पाय. १९५० नंतरची गोष्ट, कोरियातल्या युद्धाच्या कामाचे दिवस. डावा पाय जरासा दुखायचा. एकदा टोकियोत जेवण आटोपून उठली तर तोल जायला लागला. पन्नाशीही गाठलेली नव्हती. निदान झालं पार्किन्सन्सचं.

१८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानं याचं वर्णन लिहिलं, म्हणून हे नाव. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. आपल्याला वाटतं हात थरथरणं म्हणजेच पार्किन्सन्स, पण तेवढंच नसतं. स्नायू ताठरतात, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जातं, आवाज बसतो. शर्टाचं एक बटण लावायला किती वेळ लागतो ते घरातल्यांनाच माहीत. चेहऱ्यावरचे भावही कमी होतात, मग नातवंडांना वाटतं आजोबा आपल्यावर चिडलेत!

मार्गारेटची दोन्ही लग्नं मोडली होती, मूलबाळ नव्हतं. आजार तिनं अनेक वर्षं लपवला. मला ते समजू शकतं. फोटोग्राफरचा हात थरथरतो म्हटल्यावर असाइनमेंट कोण देणार? बोटं चालती राहावीत म्हणून ती कागद चुरगाळण्यासारखे व्यायाम नेमानं करायची.

१९५९ मध्ये तिनं मेंदूवर शस्त्रक्रिया करून घेतली. हालचालींशी संबंधित असलेला, थॅलॅमसमधला अगदी छोटा भाग मुद्दाम निकामी करायचा, अशी ती पद्धत होती. आणि लपवणं तिथंच संपलं. ‘लाइफ’मधला तिचाच सहकारी आल्फ्रेड आयझेनश्टाट यानं तिच्या उपचारांचे, व्यायामाचे फोटो काढले आणि ते त्याच साप्ताहिकात छापून आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखावर कॅमेरा रोखणारी बाई स्वतः कॅमेऱ्यासमोर बसली. कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मला ते पब्लिसिटी वाटलं असतं. पण तेव्हा लोक या आजाराचं नावही घरात दबक्या आवाजात घ्यायचे.

१९६१ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. थरथर थांबली, पण बोलणं बिघडलं. १९६३ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं, त्यात तिनं आजाराबद्दल मोकळेपणानं लिहिलंय. लेव्होडोपा हे आजही वापरलं जाणारं औषध रुग्णांपर्यंत पोहोचायला साठचं दशक संपत आलं. तोवर तिच्यासाठी बराच उशीर झाला होता. २७ ऑगस्ट १९७१ ला, ६७ व्या वर्षी ती गेली.