तिजोरीतला व्हर्न

बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला तिजोरीचे अप्रूप राहत नाही. पण १९८९ साली फ्रान्समध्ये उघडलेल्या एका तिजोरीची हकीकत मी निवृत्तीनंतर भेटेल त्याला सांगत आलो आहे. तिची किल्ली हरवली होती आणि ती रिकामी आहे अशीच घरात समजूत होती. मालकाच्या पणतूने ती उघडली तेव्हा आत एका अप्रकाशित कादंबरीचे हस्तलिखित निघाले. ते लिहिणारा माणूस जाऊन तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती. त्याचे नाव ज्यूल व्हर्न.

माझ्या पिढीतल्या मराठी मुलांना व्हर्न दिला तो भा. रा. भागवतांनी. फास्टर फेणेच्या या जनकाने व्हर्न असा काही मराठीत आणला की तो परका आहे हे आम्हांला फार उशिरा कळले. पुस्तक एका रात्रीसाठी हाती यायचे आणि सकाळी दुसरा रांगेत उभा असायचा. त्या वयात लेखकाची चौकशी कोण करतो? समुद्राखाली फिरलेला, चंद्रावर जाण्याचे गणित मांडणारा हा कोणी दर्यावर्दी असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ही पुस्तके लिहायला बसण्यापूर्वी तो शेअर बाजारात दलालीच्या पेढीवर जात होता.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी नांत या बंदराच्या शहरात झाला. वडील वकील. थोरल्या मुलाने आपली गादी चालवावी ही त्यांची साधी अपेक्षा. लहानपणी तो जहाजावर पळून गेला होता ही गोष्ट सर्वत्र छापली जाते, पण पुढच्या चरित्रकारांनी तिच्यावर फारसा विश्वास ठेवलेला नाही. १८४८ मध्ये तो कायदा शिकायला पॅरिसला गेला, पदवीही घेतली, आणि नाटकांच्या नादी लागला. वडील आपली वकिली सोपवायला निघाले तेव्हा त्याने ती नाकारली. १८५७ मध्ये त्याने ओनोरीन या विधवेशी लग्न केले. तिच्या पदरी दोन मुली होत्या. नाटकांवर चौघांचे घर चालणार नव्हते. शेवटी वडिलांकडूनच भांडवल घेऊन तो शेअर बाजारातल्या पेढीत शिरला. पहाटे उठून लिहायचे, मग बाजार गाठायचा, वेळ काढून ग्रंथालयात टिपणे घ्यायची, असा क्रम काही वर्षे चालला. कचेरी गाठण्याआधी दोन पाने लिहून घेण्याची धडपड ज्याने केली आहे, त्याला या पहाटा वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

१८६२ मध्ये त्याची पिएर-ज्यूल हेत्झेल या प्रकाशकाशी गाठ पडली. पुढच्याच वर्षी बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याची कादंबरी निघाली आणि गाजली. हेत्झेलशी करार झाला. सुरुवातीला वर्षाला तीन खंड द्यायचे होते, १८७१ पासून दोन. व्हर्नने पेढी सोडली. भूगर्भ, चंद्र, समुद्रतळ, ऐंशी दिवसांत जग! त्याच्या हयातीत या मालिकेत चोपन्न कादंबऱ्या निघाल्या. १८६५ मध्ये त्याने चंद्राकडे यान सोडले ते फ्लॉरिडातून, आत माणसे तीन, आणि पुढच्या भागात ते परत पडले पॅसिफिक महासागरात. १९६९ साली अपोलो ११ चा प्रवास याच खुणांनी झाला. त्याच्या तोफेतून उडालेली माणसे पहिल्याच धक्क्याला मेली असती, हा भाग वेगळा! १८८९ मध्ये अमेरिकी पत्रकार नेली ब्लाय फॉगचा ऐंशी दिवसांचा विक्रम मोडायला निघाली, तेव्हा वाट वाकडी करून त्याला भेटून गेली. तिने बहात्तर दिवसांत प्रदक्षिणा पुरी केली. वाचकाचे वेड याहून वेगळे काय असते?

पण तिजोरीतल्या कादंबरीत हा उत्साही व्हर्न नाही. ती त्याने बलूनच्या यशानंतर लगेच, १८६३च्या सुमारास लिहिली. कथा घडते १९६० सालच्या पॅरिसमध्ये. विजेचे दिवे, घोड्याविना धावणारी वाहने, तारेवरून चित्रे पाठवणारी यंत्रे, सगळे आहे. फक्त साहित्याला गिऱ्हाईक उरलेले नाही. लॅटिन कवितेचे बक्षीस मिळवलेला तरुण नायक काकाच्या बँकेत चिकटतो. हिशेबाच्या यंत्रावर त्याचा टिकाव लागत नाही, म्हणून त्याला एका अवाढव्य खातेवहीपाशी नोंदी वाचून दाखवायला बसवतात. एके दिवशी सहकाऱ्याच्या हातून त्या वहीवर शाई सांडते, दोघांची नोकरी जाते, आणि उपाशी कवी बर्फातल्या स्मशानात कोसळतो. १९९४ मध्ये हे पुस्तक छापले गेले. खातेवहीचा भाग वाचताना मी ते दोनदा मिटून ठेवले.

हेत्झेलने हे हस्तलिखित परत केले होते. लेखनात कच्चेपणा आहे, या भविष्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि लेखकाच्या नावाला धक्का लागेल, असे त्याचे म्हणणे पडले. व्हर्नने ते बाजूला ठेवले.

हेत्झेलने आणखीही एक नकार दिला. पाणबुडीतला नेमो मूळ कल्पनेत रशियाने चिरडलेला पोलिश बंडखोर होता. रशियातला वाचक दुखावेल म्हणून हेत्झेलने हरकत घेतली आणि नेमोचा देश अंधारात राहिला. १८७५ मध्ये पुऱ्या झालेल्या दुसऱ्या कादंबरीत कळले, की तो बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७च्या उठावात उतरलेला. आम्ही पोरे ज्या नेमोला आपला म्हणून मिरवत होतो, तो आपला झाला यात एका प्रकाशकाच्या बाजारहिशेबाचा वाटा आहे!

व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही. ते दिसतेही. मुंबईच्या धनिक पारशी घरातली मुलगी त्याने सती पाठवायला काढली आहे. १८८०च्या एका कादंबरीत वाफेच्या पोलादी हत्तीबरोबर आपले नानासाहेब पेशवेही येतात, पण गोऱ्यांच्या नजरेतून.

पुढचे आयुष्य आमियां शहरात गेले. मार्च १८८६ मध्ये मानसिक तोल ढळलेल्या पुतण्याने गोळ्या झाडल्या आणि व्हर्न कायमचा लंगडा झाला. आठवडाभरात हेत्झेल वारला. दोनच वर्षांनी तो नगरपालिकेवर निवडून आला आणि तिथे पंधरा वर्षे काम करीत राहिला. मधुमेहाने प्रकृती पोखरली, दृष्टी अधू झाली, फ्रेंच अकादमीने शेवटपर्यंत दार उघडले नाही. पहाटेचे लिहिणे मात्र चालूच होते. २४ मार्च १९०५ रोजी तो गेला.

हेत्झेल चुकला का? कर्ज मंजूर-नामंजूर करणाऱ्या खुर्चीवर मी पुष्कळ वर्षे बसलो आहे. ती कादंबरी कच्ची आहे, हे मलाही मान्य आहे. तिच्यावर मीही बहुधा नकाराचा शेरा मारला असता. त्या नकारानंतरच्या पुस्तकांनी आमचे बालपण उजळले, हेही खरे. पण यंत्रांवर जीव टाकणाऱ्या या माणसाला पस्तिशीतच यंत्रांची भीतीही वाटली होती, आणि ती कळायला आम्हांला एकशेतीस वर्षे थांबावे लागले. आता नातवाच्या हाती व्हर्न देताना मी आधी नेमो देतो. खातेवहीचे पुस्तक त्याला पहिली नोकरी लागेल त्या दिवसासाठी कपाटात ठेवले आहे. त्या कपाटाला मी कुलूप लावत नाही.