वीस मिनिटांत सापडलेला रस्ता

नेटवर्किंगच्या लॅबमध्ये स्विचवर ‘शो आयपी राऊट’ मारलं की स्क्रीनवर ओळीच ओळी येतात. काही ओळींच्या सुरुवातीला नुसतं ‘ओ’ असतं, पुढे चौकोनी कंसात ११०/२० असे आकडे. हा ‘ओ’ ओएसपीएफचा, आणि ओएसपीएफच्या पोटातलं गणित एड्सगर डाइक्स्ट्रा यांचं.

त्यांचा जन्म ११ मे १९३० चा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. वडील केमिस्ट्रीचे शिक्षक, आई गणितातली. लायडनला ते थिअरॉटिकल फिजिक्स शिकत होते. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा छोटा कोर्स केला आणि १९५२ पासून अॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये कामाला लागले. इथे खरा पेच पडला. फिजिक्सला मान होता, प्रोग्रॅमिंग तर तेव्हा विषयच नव्हता! (आपल्याकडे नुसती ब्रँच बदलायची तरी घरी किती बैठका होतात.) त्यांचे साहेब वान वाइनगार्डन यांनी समजावलं की कॉम्प्युटर आता राहणारच, या कामाला शिस्त कुणीतरी लावायला हवी, मग ती तूच का लावू नये? डाइक्स्ट्रांनी फिजिक्स सोडलं. पण १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ लिहिला तर तो चालला नाही, शेवटी ‘फिजिसिस्ट’च लिहावं लागलं.

त्याआधी, १९५६ मध्ये, नवीन आरमॅक कॉम्प्युटर लोकांना दाखवायचा होता. सामान्य माणसाला कळेल असा प्रश्न हवा होता. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर ते कॉफी प्यायला बसले आणि कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटांत उत्तर काढलं.

समजा चंद्रपूरहून अहेरीला जायचंय. गोंडपिपरी-आष्टीवरून जावं की मूल-गडचिरोलीवरून? डाइक्स्ट्रांची रीत अशी : माहीत असलेल्या गावांपैकी सगळ्यात जवळचं पक्कं करायचं, त्याच्यामार्फत शेजारची गावं आणखी जवळ पडतात का ते बघायचं, मग पुढचं जवळचं गाव. १९५९ मध्ये हे छापून आलं, फक्त तीन पानांत.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तशी नेटवर्कमधली लिंकही तुटते. ओएसपीएफमध्ये ही बातमी सगळ्या राऊटरना जाते आणि प्रत्येक जण हेच गणित नव्याने मांडतो. १९८९ मध्ये ओएसपीएफचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं. ‘ओ’ची ओळ गायब दिसली तर ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ बघा. शेजारी ‘एक्सस्टार्ट’वरच अडकला असेल तर दोन्हीकडचा एमटीयू तपासा, बहुतेक चोर तिथेच सापडतो.

१९७२ चं ट्युरिंग अवॉर्ड त्यांना मिळालं. १९८४ मध्ये ते टेक्सासला ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला गेले. गंमत म्हणजे एवढा मोठा कॉम्प्युटरवाला माणूस, पण लिहायचा फाउंटन पेनाने! तेराशेच्या वर टिपणं लिहिली, नंबर घालून, आणि झेरॉक्स करून मित्रांना पाठवली. ६ ऑगस्ट २००२ ला हॉलंडमधल्या न्यूनन गावी कॅन्सरने ते गेले. शेवटचं टिपण त्याच वर्षी एप्रिलमधलं आहे.