राजाजी आणि परवाना-राज
स्वतंत्र भारताचे एकमेव भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १९५९ मध्ये, नव्या राजकीय पक्षाची स्थापना केली. ज्या काँग्रेससाठी त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९३० मध्ये वेदारण्यम येथे मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व केले, तिच्याच आर्थिक धोरणाविरुद्ध हा पक्ष उभा राहिला.

१० डिसेंबर १८७८ रोजी जन्मलेले राजाजी सालेमचे नामवंत वकील होते. नियंत्रणांविषयीचा त्यांचा अविश्वास केवळ पुस्तकी नव्हता. १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री होताच त्यांनी अन्नधान्यावरील नियंत्रणे उठवली. टंचाईच्या काळात हा मोठाच धोका होता, तो निभावला.

काँग्रेसने १९५५ मध्ये आवडी येथे समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचे ध्येय स्वीकारले. जानेवारी १९५९ च्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव संमत झाला आणि ठिणगी पडली. जमिनीवरील शेतकऱ्याची मालकी जाईल, या भीतीने प्रा. एन. जी. रंगा काँग्रेसबाहेर पडून राजाजींना मिळाले. मिनू मसानीही आले. विशेष म्हणजे, नाशिकच्या तुरुंगात काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना मांडणाऱ्या तरुणांत हेच मसानी होते. जूनमध्ये मद्रास येथे स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली.

राजाजींचा आक्षेप गरिबांच्या कल्याणाला नव्हता. प्रत्येक कारखान्याला, आयातीला सरकारी परवाना लागला की अधिकारी, सत्ताधारी पक्ष आणि मर्जीतील उद्योगपती यांचे साटेलोटे जमते, असे त्यांचे निदान होते. या व्यवस्थेला त्यांनी दिलेले परवाना-राज हे नाव रूढ झाले. धर्म, कुटुंब आणि संयम यांतून येणारी जबाबदारीची जाणीव कायद्याच्या सक्तीने निर्माण होत नाही, असेही ते मानत.

परंतु परंपरेवरील हाच विश्वास त्यांना भोवलाही होता. मुलांनी अर्धा वेळ घरच्या व्यवसायात घालवावा, ही त्यांची १९५३ ची शिक्षण योजना जातिव्यवस्था टिकवणारी ठरते, अशी टीका झाली; पुढील वर्षी त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. संस्थानिकांच्या गर्दीमुळे स्वतंत्र पक्षावरही श्रीमंतांचा पक्ष असा शिक्का बसला.

तरीही १९६७ मध्ये ४४ जागा जिंकून तो लोकसभेतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. १९७१ मध्ये आठच जागा उरल्या. २५ डिसेंबर १९७२ रोजी राजाजींचे निधन झाले. बहुतांश उद्योगांसाठीची परवाना पद्धत जुलै १९९१ मध्ये रद्द झाली, ती काँग्रेस सरकारच्याच काळात.