धुक्यातली घंटा

गायन शिकविणे हा माझा व्यवसाय. जहाजांशी माझा काडीचा संबंध नाही. तरीही ख्रिस्तियान ह्युल्समायर या जर्मन गृहस्थांचे चरित्र मनातून जात नाही, कारण त्यात एका घंटेची गोष्ट आहे.

उत्तर जर्मनीतील आयडेलश्टेट गावी २५ डिसेंबर १८८१ रोजी ते जन्मले. शिक्षक होण्याकरिता ब्रेमेनच्या अध्यापक विद्यालयात गेले आणि तेथील प्रयोगशाळेत हर्ट्झ यांचे प्रयोग करण्यात रमले. विद्युत्‌लहरी धातूवर आपटून परततात, हे हर्ट्झ यांनी आधीच दाखविले होते. धुक्यातील जहाजांच्या टकरी टाळण्यास या परतणाऱ्या लहरी कामी येतील, असे या तरुणाला वाटले. वेझर नदीवरील टकरीत मुलगा गमावलेल्या एका आईचा शोक पाहून हे सुचले, अशी हकीकत सांगतात. ती खरी असो वा नसो, टकरी खऱ्या होत्या.

ठिणगीने लहरी सोडायच्या, यंत्राचे तोंड चहूकडे फिरवायचे आणि लहर परतली की घंटा वाजायची. कोलोनच्या हाइनरिख मानहाइम या चामड्याच्या व्यापाऱ्याने भांडवल दिले. १९०४ च्या एप्रिलअखेर पेटंट नोंदले आणि १८ मे रोजी कोलोनला ऱ्हाइनच्या काठी प्रयोग झाला. जहाज समोर आले, घंटा वाजली. जहाज पुढे गेले, घंटा थांबली. कर्त्याचे वय अवघे २२. जूनमध्ये हॉलंडातही प्रयोग झाला. वाहवा झाली, पण मागणी आली नाही. जर्मन आरमारानेही यंत्र घेतले नाही.

माझे वडील दरबारी गवई. मैफल पडली की श्रोत्यांना बोल लावायचा, ही आमच्या बिरादरीची जुनी खोड. पण कधी तंबोराच नीट लागलेला नसतो! घंटा जहाजाची दिशा सांगे, अंतर सांगत नसे. अंतर काढण्याची युक्ती त्यांनी त्याच वर्षी दुसऱ्या पेटंटात मांडली, पण ती आडवळणाची होती. शिवाय जवळपासच्या बिनतारी संदेशानेही घंटा वाजू शके. नाकारणाऱ्यांना आंधळे म्हणणे म्हणून मला पटत नाही.

ह्युल्समायर मात्र रडत बसले नाहीत. ड्युसेलडॉर्फला त्यांनी बॉयलर व गाळणयंत्रांचा कारखाना काढला आणि तो उत्तम चालविला. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंड-जर्मनीत रडार नव्याने जन्मले. लहरीचा ठोका जाऊन परतायला लागणाऱ्या वेळेवरून त्यात अंतर कळू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते व्यापारी जहाजांवर चढले. हे सारे त्यांना डोळ्यांनी पाहता आले. ३१ जानेवारी १९५७ रोजी ते वारले. त्यांचे यंत्र म्युनिकच्या संग्रहालयात आहे.