विश्लेषण : कारखाना हलवताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी काय केले?

संस्थेत बदल कसा घडवावा, हे शिकायला उद्योग-प्रशासनातील मंडळी पाचगणीच्या ‘एशिया प्लॅटू’मध्ये येतात. त्याचे एक जुने उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे : किर्लोस्करवाडी.

लक्ष्मणराव कोण होते?
जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकलेसाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नसल्याने यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. बंधू रामूअण्णांसोबत सायकलींचे दुकान, कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा प्रवास झाला. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा समजूत होती. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षे लागली.

संकट कोणते आले?
धंदा रुळत असतानाच १९१० मध्ये बेळगाव नगरपालिकेने शहरविस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपये कर्ज दिले. माळावर निवडुंग आणि सापांचेच राज्य होते.

बदल यशस्वी कसा झाला?
लक्ष्मणरावांनी नुसती यंत्रे हलवली नाहीत. सुमारे २५ कामगार कुटुंबांसह तिथे आले आणि कारखान्याबरोबर गाव वसले. पदवीपेक्षा कुवत पाहून कामे वाटली गेली. वसाहतीची आखणी रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेगेंकडे, यंत्रांची देखभाल शंभोराव जांभेकरांकडे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता बनले. दरोड्याची शिक्षा झालेल्या दोघांवर रखवाली सोपवली. ते विश्वासू पहारेकरी ठरले. वसाहतीत अस्पृश्यतेला बंदी होती.

कसोटी कधी लागली?
पहिल्या महायुद्धात आयात थांबून लोखंड, कोळसा मिळेना. कोळशाऐवजी लाकूड जाळले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडवले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ची नोंदणी झाली.

पुढे काय?
लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. सोबतच्या माणसांना घर, काम आणि विश्वास मिळाला, म्हणून स्थलांतरात कारखाना मोडला नाही. कुंडल रोड स्थानकाचे नावच पुढे किर्लोस्करवाडी झाले.