धर्मानंद कोसंबी

बौद्ध धर्म भारतात जन्मला. परंतु त्याचे पाली ग्रंथ काळाच्या ओघात भारतातून जवळजवळ लुप्त झाले. श्रीलंकेतील विहारांत मात्र भिक्षूंनी ते ताडपत्रांवर जपले. लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची, काजळी चोळून ती उठावदार करायची आणि दमट हवेने वा किडीने पोथी जीर्ण झाली, की नवी प्रत करायची, हा क्रम शतकानुशतके चालला. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या ५४७ जातककथा अशाच टिकल्या. या पाली साहित्याची मराठी वाचकांशी पुन्हा गाठ घालून दिली, ती धर्मानंद कोसंबी यांनी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. तरुणपणी 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाची शिकवण मुळातून जाणून घेण्याचा ध्यास त्यांना लागला. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले.

प्रथम पुण्यात व नंतर काशीत त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काशीत अन्नछत्रातील भोजनावर त्यांनी दिवस काढले. बौद्ध विद्येच्या शोधात ते नेपाळला गेले. पण तेथे निराशाच पदरी आली. अखेर १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पोहोचले. तेथे सुमंगलाचार्यांकडून त्यांनी श्रामणेर-दीक्षा घेतली आणि पाली ग्रंथांचा अभ्यास केला. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले.

१९०६ मध्ये ते पुन्हा गृहस्थाश्रमात परतले. बाळाबाईंनी सोसलेला दीर्घ वियोग हीदेखील या विद्येची किंमत होती. कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाची जागा सोडून, महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य स्वीकारले. १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्धलीलासारसंग्रह' या ग्रंथात बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या कथा त्यांनी सुबोध मराठीत सांगितल्या. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठीही त्यांनी परिश्रम केले.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. ज्या कथा अजिंठ्याच्या भिंतींवर चित्ररूपाने होत्याच, त्या त्यांच्यामुळे मराठी माणसाला स्वतःच्या भाषेत वाचता आल्या.